बुढीची खाट आणि सप्तर्षी

वांकिडीत चैत्र-वैशाखातल्या रात्री अंगणात खाट टाकून पडले की उत्तरेला सात ठळक तारे दिसतात. माझी आजी त्यांना सप्तर्षी म्हणत नसे. चार तारे म्हणजे बुढीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती ओढून नेणारे चोर, असे ती बोटाने दाखवी. पुढे मी शिक्षक झालो. एका मुलाने चाचणीत या ताऱ्यांचे नाव ‘खाट’ असे लिहिले, तेव्हा मी ते लाल शाईने खोडले. त्यानंतर त्याने वर्गात आकाशाबद्दल काही विचारले नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड गावांत फिरून लोकांचे आकाशज्ञान नोंदवले व २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ही खाट आहे, हे चोरही आहेत. मृगातल्या ताऱ्यांची तिफणही आहे. ते वाचताना मला तो मुलगा आठवला. त्याचे उत्तर चूक नव्हते. ते घरातून आलेले नाव होते.

हे नाव धरूनच पुढचे विज्ञान सांगता येते. खाटेचे चार पाय म्हणजे क्रतु, पुलह, पुलस्त्य आणि अत्रि. चोर म्हणजे अंगिरस, वसिष्ठ आणि मरीचि. दिसायला सातही तारे एका पातळीत आहेत, पण अंतरे वेगळी आहेत. मधले पाच तारे सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत. आज आपल्याला दिसतो तो त्यांचा प्रकाश निघाला, तेव्हा आदिलाबादेत निजामाचे राज्य होते. हे पाचही तारे एकाच वायुमेघातून जन्मले आणि आजही एकाच दिशेने चालले आहेत. क्रतु सुमारे १२३, तर मरीचि सुमारे १०४ प्रकाशवर्षांवर आहे. त्या दोघांची वाट निराळी. म्हणजे खाटेचा एक पाय आणि शेवटचा चोर या सोबतीतले नाहीत. लाखभर वर्षांनी खाट मोडलेली दिसेल.

आता चोरांच्या हाताजवळचा पाय, म्हणजे अत्रि पाहा. त्याच्या जवळच्या आकाशातला एक रिकामा भासणारा तुकडा हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये दहा दिवस टिपला. हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणाएवढा तो तुकडा. ३४२ छायाचित्रे एकत्र केल्यावर त्यात सुमारे ३००० दीर्घिका आढळल्या. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह. त्यांतल्या काहींचा प्रकाश दहा अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला होता.

आता मी फळ्यावर तीन रकाने आखतो : घरचे नाव, पुस्तकातले नाव, अंतर. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, ज्या घरात जे नाव असेल ते पहिल्या रकान्यात येते. शिक्षकमित्रांना एकच विनंती. नाव लिहून घेताना महिना, वेळ आणि दिशाही लिहा. तेवढी नोंद नसेल, तर बोटाने दाखवलेला तारा कोणता होता, हे पुढच्या पिढीला ओळखता येणार नाही.