नवी प्रोग्रामिंग भाषा घडविणाऱ्यांसाठी वाचन : काय आणि कोणत्या क्रमाने

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गांत प्रकल्पाचा विषय निवडताना ‘मातृभाषेतील प्रोग्रामिंग भाषा’ ही कल्पना काही विद्यार्थ्यांना आकर्षित करते. त्यामागील प्रेरणा स्तुत्य आहे. तथापि, अशा प्रयत्नांत बहुधा ‘इफ’च्या जागी ‘जर’ आणि ‘व्हाईल’च्या जागी ‘जोपर्यंत’ हे शब्द बसविले जातात आणि काम तेथेच थांबते. हे शब्दांचे भाषांतर झाले. भाषेची रचना झाली नाही. रचना म्हणजे निर्णयांची मालिका होय. काय घ्यावे, काय वगळावे आणि प्रोग्रामरच्या कोणत्या चुका भाषेने स्वतःच अडवाव्यात, हे ठरवावे लागते. हे निर्णय पूर्वी कोणी, कसे घेतले आणि त्यांचे परिणाम काय झाले, हे वाचल्याशिवाय नव्या रचनाकाराला त्यांची जाणीव होत नाही. प्रस्तुत लेखात अशा वाचनाचा एक क्रम सुचविला आहे.

पहिला टप्पा : मूळ दस्तऐवज

आरंभ १९६० सालच्या ‘अल्गोल ६०’ भाषेच्या अहवालापासून करावा. पीटर नौर यांनी संपादित केलेल्या या अहवालावर तेरा तज्ज्ञांची नावे आहेत. तो आकाराने लहान असूनही त्यात संपूर्ण भाषेचे व्याकरण नियमबद्ध पद्धतीने मांडलेले आहे. ही मांडणी जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये पुढे आणली होती. तिचे पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला पाणिनी व बॅकस या दोघांचे नाव द्यावे, असे सुचविले. ‘अल्गोल’ या नावातही एक इतिहास आहे. ते ‘अल्गोरिदम’ या शब्दावरून आले, आणि तो शब्द भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिणारे नवव्या शतकातील बगदादचे विद्वान अल्-ख्वारिज्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला.

त्यानंतर पीटर लँडिन यांचा ‘पुढील सातशे प्रोग्रामिंग भाषा’ या अर्थाच्या शीर्षकाचा १९६६ सालचा निबंध वाचावा. दोन भाषांमधील फरक बराचसा त्यांत मूलभूत वस्तू कोणत्या दिल्या आहेत यात असतो. वस्तू एकमेकींच्या आधारे व्यक्त करण्याची चौकट मात्र समान असू शकते, हे त्यांनी दाखविले. ‘जर’ आणि ‘इफ’ यांची अदलाबदल वरवरची का ठरते, याचे उत्तर येथेच सापडते.

दुसरा टप्पा : रचनाकारांची आत्मपरीक्षणे

टोनी होअर यांच्या १९७३ सालच्या भाषारचनेविषयीच्या सूचना प्रत्येक नवशिक्याने वाचाव्यात. रचनाकाराचे काम नवनव्या कल्पना भरण्याचे नसून इतरांनी पारखलेल्या कल्पनांची सुसंगत जुळणी करण्याचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याच होअर यांनी १९६५ मध्ये ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेसाठी काम करताना ‘नल’ संदर्भ, म्हणजे कोठेच न पोहोचणारा पत्ता, स्वीकारला. कारण तो अमलात आणणे सोपे होते. २००९ मध्ये लंडन येथील व्याख्यानात त्यांनी या निर्णयाला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटले.

त्यांच्या १९८० सालच्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानातील एक उदाहरण याच्या उलट आहे. त्यांच्या अल्गोल कंपायलरमध्ये प्रत्येक सारणीचा क्रमांक तिच्या मर्यादेत आहे की नाही, हे आज्ञावली चालू असताना तपासले जाई. त्यामुळे वेग कमी होत असे. ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे ग्राहकांना विचारले असता त्यांनी नकार दिला. वेगापेक्षा चूक वेळीच कळणे त्यांना मोलाचे वाटले. भाषेतील एका निर्णयाची किंमत असंख्य अनोळखी लोकांना मोजावी लागते, हा या दोन्ही उदाहरणांचा बोध आहे.

प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासाला वाहिलेल्या परिषदा १९७८, १९९३, २००७ आणि २०२१ या वर्षी झाल्या. त्यांतील निबंध मूळ रचनाकारांनीच लिहिले असल्याने विशेष मोलाचे आहेत. १९९३ च्या परिषदेतील डेनिस रिची यांच्या निबंधात ‘सी’ भाषेतील काही चिन्हांचा अग्रक्रम गैरसोयीचा का राहिला, याचा खुलासा आहे. नवी चिन्हे आली तरी आधी लिहिलेल्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून जुना अग्रक्रम तसाच ठेवला गेला. वापरात आलेली चूक सुधारणे किती अवघड असते, हे यावरून दिसते. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांचे ‘सी प्लस प्लस’च्या जडणघडणीवरील १९९४ चे पुस्तकही याच दृष्टीने वाचावे.

तिसरा टप्पा : सिद्धान्त आणि कृती

यानंतर पाठ्यग्रंथांकडे वळावे. एबल्सन आणि ससमन यांच्या १९८५ सालच्या ग्रंथात भाषेचा अर्थ लावणारी आज्ञावली त्याच भाषेत कशी लिहावी, हे शिकविले आहे. बेंजामिन पियर्स यांचा २००२ सालचा ग्रंथ प्रकारव्यवस्थेचा, म्हणजे कोणत्या मूल्यावर कोणती क्रिया चालेल हे आधीच ठरविणाऱ्या नियमांचा, गणिती पाया समजावतो. रॉबर्ट निस्ट्रॉम यांच्या २०२१ सालच्या पुस्तकात एकच छोटी भाषा प्रथम जावात आणि नंतर सी मध्ये साकारली आहे. ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येत असल्याने लहान गावांतील विद्यार्थ्यांनाही उपयुक्त आहे.

चौथा टप्पा : लिपीचा प्रश्न

मराठी किंवा उर्दू भाषेत प्रोग्रामिंग व्हावे, असे वाटणाऱ्यांनी युनिकोडचे एकतिसावे परिशिष्ट अवश्य वाचावे. आज्ञावलीतील नावांत कोणती अक्षरे चालावीत, याची चर्चा त्यात आहे. एक उदाहरण पुरेसे होईल. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, तर एकदा साध्या ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. ते जोडचिन्ह गाळून टाकावे, तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगरातून थेट समुद्रात जावे लागते! पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हापासून तिच्यात देवनागरी नावे चालतात. परंतु नावातील हे जोडचिन्ह ती स्वीकारत नाही. नव्या भाषेला येथे विचारपूर्वक निर्णय घ्यावा लागेल.

उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीचे प्रश्न आणखी वेगळे आहेत. रॅम्सी नासेर यांनी २०१२ च्या सुमारास ‘कल्ब’ ही संपूर्ण अरबी लिपीतील भाषा तयार केली. संगणकाची प्रचलित साधने इंग्रजी लिपी गृहीत धरूनच बनली आहेत, हे त्या प्रयोगाने स्पष्ट झाले. उर्दूसाठी असे काम करू इच्छिणाऱ्यांनी तो अभ्यासावा.

समारोप

हा क्रम पूर्ण करण्यास एखादे वर्ष सहज लागेल. सर्व वाचन इंग्रजीत असल्याने शिक्षकांनी दर आठवड्यास एक निबंध घेऊन त्यावर मराठीत चर्चा घडवून आणल्यास विद्यार्थ्यांचे ओझे हलके होईल. वाचताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : या रचनाकाराने काय नाकारले, आणि का? स्वतःच्या भाषेबाबत या प्रश्नाचे उत्तर देता येऊ लागले, म्हणजे मातृभाषेतील प्रोग्रामिंगचा प्रयत्न शब्दांच्या अदलाबदलीपुरता उरणार नाही.