दोष प्रक्रियेचा नव्हे, अतिप्रक्रियेचा
लालबागच्या डंकावर कुटलेला मसाला, चिवडा गल्लीतला चिवडा, दादर-गिरगावच्या दुकानांतले पापड-लोणचे हे सगळे प्रक्रिया केलेलेच अन्न. म्हणून प्रक्रियेला सरसकट दोष देणे चूक आहे. खरी काळजी अतिप्रक्रियेची: स्टार्च, तेल, साखर वेगवेगळी काढून, त्यात कृत्रिम स्वाद आणि इमल्सिफायर घालून कारखान्यात जुळवलेल्या पदार्थांची. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना अतिप्रक्रियेचे आणि कमीत कमी प्रक्रियेचे अशा दोन्ही तऱ्हांचे जेवण दोन-दोन आठवडे दिले. समोर ठेवलेल्या जेवणातले उष्मांक, साखर, मीठ, मेद, तंतू जवळपास सारखेच. तरी अतिप्रक्रियेच्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती, आणि वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. प्रयोग लहान होता हा आक्षेप रास्त आहे, पण प्रत्येकाने दोन्ही आहार घेतल्यामुळे तुलना भक्कम ठरते.

मग चिवडा खुशाल खावा? नाही. तळण आणि मीठ त्यातही आहे. जागतिक आरोग्य संघटना मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. आणि स्वयंपाकाला वेळच नाही, ही नोकरदार घरांची अडचण खरीच. पण तिला नूडल्सच्या पाकिटापेक्षा कोपऱ्यावरचे पोळीभाजी केंद्र कितीतरी चांगले उत्तर आहे.