समोरचा गडी ओळखावा

दिवाळीच्या दिवसांत आपल्या धर्मशास्त्राने गृहस्थाला एक गमतीची सवलत देऊन ठेवली आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बळीची पूजा करतो आणि पत्नीकडून ओवाळून घेतो. त्याच दिवसाला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरविले अशी कथा आहे, आणि पाडव्याला जो जिंकला त्याचे वर्ष सुखाचे जाते असा समज तिला जोडलेला आहे. ही कथा पोथीतच राहिलेली नाही. आमच्या मराठवाड्यात, वेरूळच्या 21 व्या आणि 29 व्या लेण्यांत, ही दोघे पट मांडून बसलेली पाषाणात पाहावयास मिळतात.

तेव्हा औंढा नागनाथ ते वसमत या रस्त्यावरच्या शिरड शहापुरासारख्या गावात दिवाळीच्या रात्री चार मंडळी सतरंजी पसरून तीन पानी खेळावयास बसली, तर त्यांना परंपरेचा अगदीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. कायदा काय म्हणतो ते पुढे पाहू. आज वाचकांपुढे ठेवावयाचा प्रश्न निराळाच आहे. पत्ते तर आंधळे असतात. ते सर्वांना सारखेच येतात. मग वर्षानुवर्षे तेच तेच लोक का जिंकतात, आणि तेच तेच लोक खिसा उलटा करून घरी का जातात?

पानांचा हिशेब

आधी पानांची झडती घेऊ. बावन्न पानांतून तीन पाने 22,100 प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी एकाच किमतीची तिन्ही पाने, म्हणजे ट्रेल, अवघी 52 वेळा. एकाच रंगाची ओळीने तीन पाने 48 वेळा. साधी रन 720 वेळा. कलर 1,096 वेळा. आणि जोडी 3,744 वेळा. उरलेल्या 16,440 प्रकारांत हाती काहीच नसते. मोठ्यात मोठे पान एक्का किंवा राजा, एवढीच काय ती पुंजी. याचा अर्थ असा की चार डावांपैकी जवळजवळ तीन डावांत प्रत्येकाच्या हाती पालापाचोळाच असतो.

हा आकडा एकदा नीट ध्यानात आला की खेळाचे सारे रहस्य उलगडते. चार वेळा पाने उचलून तीन वेळा काहीच मिळत नसेल, तर चांगल्या पानांची वाट पाहणारा माणूस बूट भरता भरताच झिजून जाईल. जिंकावयाचे तर पानांखेरीज आणखी कशावर तरी खेळले पाहिजे. ते आणखी काही म्हणजे समोरचा माणूस. तीन पानी हा इंग्रजांच्या ब्रॅग या खेळाचा भाऊबंद आहे, आणि अमेरिकेत वाढलेला पोकर त्याच गोत्रातला. तिन्हींत अट तीच: आपली पाने झाकलेली, दुसऱ्याची झाकलेली, आणि उघडा असतो तो फक्त माणसाचा स्वभाव.

चार गडी, चार उपचार

प्रत्येक बैठकीत चार प्रकारचे गडी हटकून असतात. त्यांना आपण सोयीसाठी नावे देऊ.

पहिले गंभीरराव. हे दहा डावांतून आठ वेळा पाने खाली ठेवतात. चाल केली तर समजावे की जोडीच्या वरचे काही आले आहे. यांच्याशी वागण्याची रीत सोपी आहे. हाती काही नसतानाही निःशंकपणे चाल करावी. ते बहुधा उठतील आणि बुटाचे पैसे तुमचे होतील. पण त्यांनी उलट चाल केली, तर मात्र जोडी असली तरी निमूटपणे पाने टाकावी. गंभीररावांचे पैसे थेंबाथेंबाने घ्यावयाचे असतात आणि आपले पुराने जाऊ द्यावयाचे नसतात.

दुसरे हौसराव. यांना पाने टाकणे म्हणजे पंगतीतून उपाशी उठण्यासारखे वाटते. समोरच्याकडे काय आहे हे पाहिल्यावाचून त्यांना झोप येणार नाही. यांना हूल देणे म्हणजे गाढवापुढे वाचली गीता! हूल ही ऐकणाऱ्यालाच द्यावयाची असते. यांच्यापुढे खोटे बोलू नये. खरे मात्र पुनःपुन्हा आणि महाग दराने बोलावे. हौसराव कसल्याही पानांवर खेळत असल्यामुळे चारांतून तीन वेळा त्यांच्याकडे जोडीसुद्धा नसते. म्हणून आपल्या साध्या जोडीलाही त्यांच्यापुढे राजाचे मोल येते.

तिसरे धडाडराव. हे पाने न पाहताच, म्हणजे ब्लाइंड, चाली करीत राहतात आणि प्रत्येक चालीबरोबर मांडीवर थाप मारतात. यांच्या दणक्याने भली भली माणसे उठून जातात. यांच्यावर उपाय म्हणजे सहनशीलता. उत्तम पाने आली तरी आपण उसळू नये. ढीग त्यांनाच मोठा करू द्यावा आणि शेवटी शांतपणे शो मागावा.

चौथे चतुरराव. ते थोडे खेळतात, पण खेळले की जोराने खेळतात. आणि क्वचित, अगदी क्वचित, हूल देतात. यांच्यावर कोणताच उपचार नाही. यांच्याशी कमीत कमी डाव खेळावेत आणि आपला चरितार्थ बाकीच्या तिघांवर चालवावा.

चारांतून एकदा

हे सारे अंदाजपंचे नव्हे. यामागे त्रैराशिक आहे. समजा, ढिगात 100 रुपये आहेत आणि समोरच्याने 50 रुपयांची चाल केली. तुमची पाने मध्यम आहेत: त्याच्याकडे खरेच काही असेल तर तुम्ही हरणार, हूल असेल तर जिंकणार. शो मागण्यास 50 रुपये पडतात, आणि जिंकलात तर 150 मिळतात. म्हणजे तीन वेळा हरून एकदा जिंकलात तरी जमाखर्च बरोबर. आता प्रश्न एवढाच उरतो की हा गडी चारांतून किती वेळा हूल देतो. एकदाहून कमी देत असेल, तर पाने टाकावी. अधिक देत असेल, तर दर वेळी शो मागावा. गंभीरराव आणि धडाडराव यांच्याबाबत एकाच पानांवर अगदी उलट निर्णय घ्यावा लागतो, तो याचमुळे.

हूल देणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब असाच आहे. तो 50 घालून 100 उचलू पाहतो. समोरचा तीनांतून एकदा पाने टाकीत असेल तर त्याची बरोबरी होते. त्याहून अधिक वेळा टाकीत असेल तर हूल देणे हा फायद्याचा धंदा ठरतो. आणि हौसरावांसारखा कधीच टाकीत नसेल तर तो निव्वळ दानधर्म होय.

मग स्वभाव ओळखावयाचा कसा? पुष्कळांना वाटते की चेहऱ्यावरून. चेहरा फसवा असतो. खरी साक्ष शोच्या वेळी उघडणाऱ्या पानांची. ती पाने पाहून, याच पानांवर या गृहस्थाने मघाशी काय केले होते, हे आठवावे. अशी वीसपंचवीस उदाहरणे जमल्यावर मत बनवावे. पाचदहा डावांवर विसंबू नये, कारण गंभीररावांनाही कधी कधी ओळीने चांगली पाने येतात. आणखी एक गोष्ट: माणूस रात्रभर एकसारखा राहत नाही. दोन हजार हरलेले गंभीरराव मध्यरात्रीनंतर धडाडराव होतात. आणि जिंकलेले हौसराव पैसे राखण्यासाठी एकाएकी गंभीर होतात.

दगड, कागद, कात्री

पण या विद्येला एक उलटी धार आहे. लहान मुलांचा दगड-कागद-कात्रीचा खेळ घ्या. समोरचा मुलगा वरचेवर दगडच काढतो असे पाहून तुम्ही कागद काढू लागलात, की जिंकू लागता. पण त्या क्षणी तुमचाही स्वभाव ठरून गेलेला असतो. आणि कात्री काढणारा कोणी चतुर शेजारी बसलेला असतोच. दुसऱ्याच्या खोडीचा फायदा घेण्यासाठी आपण वाकलो की आपलीही बाजू उघडी पडते.

या कोड्याला गणिताचे रूप दिले जॉन फॉन नॉयमन या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने. 1928 साली त्याने दाखविले की दोघांच्या अशा खेळात, जिथे एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी, प्रत्येकाला एक सुरक्षित रीत असते: आपल्या चालींचे मिश्रण अशा प्रमाणात करावे की समोरच्याला ते कळले तरी त्याचा फायदा होऊ नये. 1944 साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरमधील हुलीचाही विचार केला. हूल ही लबाडी नसून हिशेबाचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

2017 च्या जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे याची मोठी परीक्षा झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ट्युओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तयार केलेला लिब्राटस हा संगणक-कार्यक्रम चार धंदेवाईक पोकरपटूंशी वीस दिवस, 1,20,000 डाव खेळला आणि स्वच्छ जिंकला. त्याची रीत मोठी मननीय आहे. चौघे खेळाडू दिवसभर यंत्राच्या खोडी हुडकीत, आणि यंत्र? ते त्यांच्या खोडी हुडकण्याच्या भानगडीत पडत नसे. कोणत्या जागी आपल्यावर हल्ला होत आहे ते पाहून ते रात्री आपलीच भगदाडे बुजवीत बसे!

शकुनी आणि युधिष्ठिर

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. शकुनी म्हटला की लोकांना कपटाचे फासे आठवतात. पण सभापर्वात तो दुर्योधनाला जे सांगतो ते अधिक महत्त्वाचे आहे. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही. आणि कोणी आव्हान दिले तर तो नाही म्हणू शकत नाही. शकुनीने फासे हाती घेण्यापूर्वी माणूस हाती घेतला होता. आवड आहे, कसब नाही, आणि उठून जाण्याची हिंमत नाही: हरण्यासाठी आणखी काय लागते?

वनपर्वातील उत्तरही तितकेच मार्मिक आहे. वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. पुष्कराकडून राज्य हरलेला नल ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो आणि राज्य परत जिंकतो. बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतात. आणि विराटाच्या घरी कंक होऊन राहिलेला युधिष्ठिर द्यूतकुशल सभासद म्हणून वावरतो. त्यानेही आधी आपले भगदाड बुजविले.

खरा प्रतिस्पर्धी कोण?

आता कायद्याकडे वळू. मुंबई राज्याचा जुगारप्रतिबंधक कायदा 1887 सालचा. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, आणि तसे करताना तीन पानी हा मात्र सर्वस्वी दैवाचा खेळ आहे असा शेरा मारला. वरील विवेचन वाचून कोणी म्हणेल की न्यायमूर्तींनी चतुरराव पाहिलेले नसावेत. पण न्यायालयाचा रोख योग्य जागी होता. खेळ चालवून जो नफा काढतो, त्याच्यावर त्याच निकालात बोट ठेवलेले आहे.

कारण अड्ड्यावर पाचवा गडी असतो आणि तो कधीच हरत नाही. त्याचे नाव नाल. समजा, चार जण प्रत्येकी 1,000 रुपये घेऊन बसले. सरासरी ढीग 200 रुपयांचा. आणि अड्डेवाला दर डावाला शेकडा पाच नाल काढतो. म्हणजे डावाला 10 रुपये. तासाला तीस डाव झाले तर 300. आणि सहा तासांत 1,800. चौघांच्या 4,000 रुपयांपैकी जवळजवळ निम्मे बैठकीतूनच नाहीसे झाले. आता चतुररावांनी कितीही चातुर्य केले तरी ते उरलेल्या पैशांतच.

मोबाइलवरच्या खेळाने तर ही विद्या पार उलटविली. तेथे तुम्ही गडी ओळखावयाचा नसतो. तुम्हालाच ओळखले जाते. कोणत्या वेळी खेळता, हरल्यावर थांबता की दुप्पट लावता, याची नोंद खेळ चालविणाऱ्याकडे बिनचूक राहते. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला तो, या खेळांपायी देशभर घरे बुडू लागली होती म्हणूनच.

मराठी गद्याच्या आरंभीच अशा एका घराची गोष्ट नोंदलेली आहे, हे विसरून चालणार नाही. लीळाचरित्रात हरिपाळदेव द्यूतात हरतो आणि फेडीसाठी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतो; ती ते देत नाही. त्या नकारातून त्याला विरक्ती येते, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि पुढे चक्रधर होतो. हरलेल्या प्रत्येक जुगाऱ्याचा चक्रधर होत नाही. दागिने मात्र बहुधा जातात.

मग ही विद्या शिकावीच कशाला? कारण माणसे वाचणे केवळ सतरंजीवर लागत नाही. आमच्या या भागात हळद पिकते. वसमतच्या बाजारात हळदीचा सौदा होतो तेव्हा घेणाऱ्यालाही ठाऊक असते की कोणा शेतकऱ्याच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे, आणि माल परत नेण्याचे भाडेसुद्धा कोणाच्या खिशात नाही. भाव तेथेच पडतो. जो शेतकरी आपली निकड चेहऱ्यावर आणीत नाही, दोन ठिकाणी भाव विचारतो आणि नाही म्हणून उठू शकतो, त्याला चार पैसे अधिक मिळतात. युधिष्ठिराला जे साधले नाही ते हेच.

तेव्हा पाडव्याला पत्ते अवश्य काढावे. मेंढीकोट खेळावा, झब्बू खेळावा, पैशाऐवजी चिंचोके लावून तीन पानीही खेळावी. घरातले गंभीरराव आणि हौसराव कोण, ते हसत हसत पारखावे. आणि सर्वांची पारख झाली की शेवटी आपण स्वतः त्या चौघांपैकी कोण आहोत, ते धाकट्या भावंडाला विचारावे. तो बरोबर सांगेल.