रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

छातीत धडधडतं, पोटात आग पडते, डोकं सतत जड असतं; पण ईसीजी, सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळं ठीक. असे रुग्ण प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असतात आणि हिंगोलीही त्याला अपवाद असू शकत नाही. सलाईन लागते, डिस्चार्ज मिळतो आणि सेनगावचा किंवा औंढ्याचा तो माणूस पुन्हा नव्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. त्याचं दुखणं खोटं नसतं. मनावरचा ताण शरीरातून व्यक्त होत असतो. त्याला खाट मिळते ती मात्र रोग शोधण्यापुरती. तीच खाट आरोग्य घडवण्यासाठी वापरता येईल आणि त्यासाठी लागणारा अनुभव महाराष्ट्राजवळ आहे.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. पुढे तिथे राहून उपचार घेण्याची सोयही झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी याहून कडक कसोटी लावली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एका गटाने आसनांपासून ध्यानापर्यंतचा पतंजलींचा क्रम पूर्ण केला, तर दुसऱ्याने वरवर तशाच दिसणाऱ्या हालचाली केल्या. धीर दोघांनाही सारखाच दिला गेला, तरी पहिल्या गटाची चिंता अधिक उतरली. डॉक्टरांनी लक्ष दिलं म्हणूनच बरं वाटलं, या आक्षेपाला त्यातून काही उत्तर मिळतं. अर्थात, एका जुन्या अभ्यासावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही.

म्हणून इस्रायलमधले समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्स्की यांचा विचार जोडीला घ्यावा लागतो. त्यांच्या अभ्यासात नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के मनाने बऱ्यापैकी निरोगी आढळल्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५१ टक्के होतं. इतकं सोसूनही या २९ टक्के सावरल्या कशा, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. जगणं समजतं, आवाक्यात वाटतं आणि त्याला अर्थ आहे असं वाटतं, तेव्हा माणूस सावरतो, असं त्यांचं उत्तर. वॉर्डात याचा अर्थ सोपा आहे: धडधड कशाने वाढते हे रुग्णाला समजावणं, श्वसन, चालणं, झोप यांची घडी त्याच्याच हातून बसवणं आणि घरी गेल्यावर कोणतं काम आधी हाती घ्यायचं हे नातेवाइकांसमोर ठरवणं. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू देऊन उपचारात सामील केलं होतं. आपल्याकडे खाटेजवळ नातेवाईक आधीच बसलेला असतो. त्याला गर्दी समजणं हे आपलंच नुकसान.

सोयाबीन पाण्याविना करपलं, तर श्वसनाने कर्ज फिटेल का, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नाही फिटणार, आणि ताणाचं खापर रुग्णावरच फोडणारा उपचार अन्यायकारक ठरेल. पण कर्जाची लढाई लढायलाही झोप लागते, जेवण पचावं लागतं. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याने २०१५ साली सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प याच जाणिवेतून आला. खरा आजार निसटेल ही भीतीही रास्त, म्हणून तपासण्या आधी आणि फेरतपासणी ठरलेल्या दिवशी व्हायलाच हवी. मनुष्यबळ कमी आहे हे खरं, तरी यातलं बरंच काम प्रशिक्षित परिचारिका करू शकते, आणि पुढच्या सल्ल्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या नावांखाली रुग्णाने स्वतः काय करायचं याच्या चार ओळी छापायला तर वेगळं अनुदानही लागत नाही.