पहारेकऱ्याची नजर

धुळ्या-जळगावात २००१-०२ च्या आसपास ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'प्रोजेक्ट आयजीआय' खेळला, त्यांच्या कानात त्यातला सायरन अजून असेल. पहिल्याच मोहिमेत मालगाड्यांचं यार्ड. भुसावळहून येणाऱ्या पोरांना ते लगेच आपलंसं वाटायचं. वाकून, डब्यांच्या आडोशाने पुढे सरकायचं, एका पहारेकऱ्याला मागून गाठायचं, आणि नेमका त्याच वेळी सायरन. कोणी पाहिलं? मनोऱ्यावरच्याने, की कॅमेऱ्याने? की गोळीचा आवाज लांब गेला? खेळ काही म्हणजे काही सांगत नसे. बराकीतून सैनिक धावत यायचे, खेळाचा नायक डेव्हिड जोन्स पडायचा आणि मोहीम पहिल्यापासून सुरू. मधे सेव्ह करायची सोयच नव्हती. त्यात भारनियमनाची वेळ झाली की संपलंच.

तरी आम्ही पुन्हा बसायचो. ऑस्लोच्या इनरलूप स्टुडिओने हा खेळ केला होता. त्यांनी त्याआधी लढाऊ विमानाचा खेळ केला होता आणि तेच इंजिन इथे वापरलं, म्हणून आयजीआयमधली मैदानं इतकी अफाट होती. दुर्बीण लावून डोंगरावरून तळ न्याहाळायचा, कोण कुठे फिरतो ते पाठ करायचं, मग उतरायचं. हे न्याहाळणं हाच खेळ होता. गोळीबार म्हणजे न्याहाळण्यात कुठेतरी चूक झाल्याची खूण.

आयजीआय २००० सालचा, प्रकाशक आयडॉस. त्याच वर्षी त्याच आयडॉसने कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्हचा 'हिटमॅन : कोडनेम ४७' बाजारात आणला. आयजीआयचा दुसरा भाग २००३ मध्ये आला, त्यात मोजक्या वेळा सेव्ह करता यायचं, आणि मालिका तिथेच थांबली. हिटमॅन मात्र चालत राहिला. २०१६ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली, २०१८ आणि २०२१ मध्ये पुढचे भाग आले आणि २०२३ पासून हे तिन्ही भाग 'वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन' या एकाच नावाखाली आहेत. जुना स्टेल्थ गेम, म्हणजे लपूनछपून खेळायचा खेळ, नव्या पोरांच्या हातात द्यायचा तर नेमकं काय बदलावं लागतं, हे बघायला मी जळगावात गोलाणी मार्केटच्या बाजूच्या एका गेमिंग कॅफेत अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याशेजारी बसू लागलो. आजूबाजूचे बहुतेक जण व्हॅलोरंट नाहीतर जीटीए खेळत असतात. हा एकटा हिटमॅनवाला, आणि २००० सालचा हिटमॅन त्याने कधी पाहिलेला नाही.

त्याने मुंबईची मोहीम लावली होती. २०१८ च्या भागात मुंबई आहे : गजबजलेला रस्ता, चाळी, झोपडपट्टी, रेल्वे यार्ड आणि अर्धवट बांधलेला टोलेजंग टॉवर. लक्ष्यं तीन. सिनेनिर्माता दाऊद रंगन, यार्डात दरबार भरवणारी वान्या शाह आणि 'मेलस्ट्रॉम' म्हणून ओळखला जाणारा वझीर काळे. या काळेचा चेहरा सुरुवातीला माहीतच नसतो. गर्दीतून तो आधी ओळखून काढायचा.

मी पडद्यापेक्षा मुलाच्या डोळ्यांकडे जास्त बघत होतो. ते सारखे पडद्याच्या मधोमध जात होते. तिथे एक पांढरी कमान उमटते. एखाद्याचं लक्ष तुमच्याकडे वळलं की त्या दिशेला ती दिसते आणि संशय वाढेल तशी भरत जाते. एका पहारेकऱ्याजवळ कमान भरू लागली. मुलगा पळाला नाही, त्याने बंदूकही काढली नाही. शांतपणे वळला आणि गर्दीत जाऊन उभा राहिला. मागे उभा असलेला त्याचा मित्र अहिराणीत म्हणाला, "थांब ना भो, त्याले वळू दे." कमान ओसरली. पहारेकरी वळला.

ही कमान पुष्कळांना नव्या पिढीचे लाड वाटते. मला तसं वाटत नाही. पहारेकऱ्याची नजर म्हणजे खेळाच्या आत चाललेला हिशेब : किती अंतरावर, किती कोनात, किती वेळ तुम्ही दिसलात. तो हिशेब आयजीआयमध्येही होताच, पण यंत्राच्या पोटात होता. कमानीमुळे पहारेकऱ्याला कमी दिसत नाही. तुम्ही त्याला दिसताहात, एवढंच तुम्हाला कळतं. ही कल्पनाही आजची नाही. १९९८ च्या 'थीफ'मध्ये पडद्याच्या खालच्या बाजूला एक रत्न होतं, तुम्ही जितक्या उजेडात तितकं ते उजळायचं. नव्या हिटमॅनने तीच वाट पुढे नेली. वेषांतर केल्यावरही जे लोक तुम्हाला ओळखू शकतात त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो. लपवलेलं शरीर कोणाला सापडलं तर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ते दृश्य उमटतं. म्हणजे बेत फसला की कुठे फसला हे लगेच समजतं. अपयशाचं कारण कळलं की माणूस पुन्हा बसतो. आमच्या वेळी कारण न कळताही बसायचो, पण तेव्हा कॅफेत पर्याय तरी किती होते?

एक बदल मात्र मला खुपला. खेळात 'मिशन स्टोरी' नावाची वाटाड्याची सोय आहे. ती पूर्ण चालू ठेवली की पुढे कुठे जायचं, कोणते कपडे घालायचे, कोणाशी बोलायचं, सगळं खुणेनिशी दाखवलं जातं. मुलगा गुगल मॅपवर गाडी हाकावी तसा त्या खुणेमागे गेला, काम फत्ते केलं, आणि त्या चाळीत काय होतं असं विचारल्यावर त्याला काहीच सांगता येईना. एवढी बारकाईने उभी केलेली वस्ती त्याच्या डोळ्यांसमोरून निसटून गेली होती.

पण बनवणाऱ्यांनी एक गोष्ट फार विचाराने केली आहे. यातली जवळजवळ प्रत्येक मदत सेटिंग्जमध्ये जाऊन सुटी सुटी बंद करता येते. 'मास्टर' काठिण्यपातळीवर तर अख्ख्या मोहिमेत एकदाच सेव्ह. मी सुचवल्यावर त्याने आधी वाटाड्या बंद केला. वेग एकदम पडला. तो थांबून माणसांचं बोलणं ऐकू लागला, कोण कोणाला सलाम करतं ते बघू लागला. काळेला हुडकायला त्याला बराच वेळ लागला. हा काळे न्हाव्याकडे दाढीला बसतो हे ध्यानात आल्यावर मुलगा खुर्चीतून अर्धवट उठला. त्यानंतर काही दिवसांनी त्याने ठिपकेही बंद केले. ते मी सांगितलं नव्हतं.

जुन्या खेळात नवी सोय घालताना तोल कसा जातो याचं माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण २००४ चं आहे. १९९८ चा 'मेटल गियर सॉलिड' गेमक्यूबसाठी 'द ट्विन स्नेक्स' या नावाने पुन्हा केला, तेव्हा दुसऱ्या भागातली पात्राच्या डोळ्यांनी नेम धरायची सोय त्यात आणली. खोल्यांची रचना मात्र वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आखलेली, तशीच राहिली. ज्या झुंजींत पूर्वी घाम फुटायचा, त्यातल्या काही लांबून नेम धरून सहज सुटू लागल्या. स्टेल्थ गेममध्ये कॅमेरा कुठे आहे यावर तुम्हाला किती दिसतं ते ठरतं. खेळाडूची नजर लांबवली तर पहारेकऱ्याचीही पुन्हा मापावी लागते. कोनामीने ऑगस्ट २०२५ मध्ये याच मालिकेतला 'स्नेक ईटर' नव्याने आणला तेव्हा खांद्यामागचा नवा कॅमेरा आणि २००४ च्या मूळ खेळासारखा वरून बघणारा जुना कॅमेरा, असे दोन्ही पर्याय ठेवले. पूर्वी पोशाखाचा रंग बदलायला दर वेळी खेळ थांबवून मेनूत जावं लागे. आता ते चटकन होतं. पण जंगलाच्या रंगात मिसळायची गरज तशीच राहिली आहे. सुधारणा असावी तर अशी.

खेळाच्या चेहऱ्यामोहऱ्यावर मात्र सगळेच तुटून पडतात. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'च्या रिमेकची झलक आली. हा स्टेल्थ गेम नव्हे, पण 'असॅसिन्स क्रीड' याच मालिकेच्या कामातून निघाला. मराठी मुलुखात जगातल्या एका अव्वल खेळाला नवं रूप मिळतंय याचा मला अभिमान वाटला होता. चर्चा मात्र जवळजवळ सगळी ग्राफिक्सवर झाली आणि ती कडवट होती. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं. भिंतीवरून धावणं, वेळ मागे फिरवणं हाताला कसं लागतं, हे पुण्या-मुंबईतल्या लोकांनी कसं सोडवायला घेतलं होतं, यावर कोणी बोललं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आयजीआयही परत येणार होता. २०१९ मध्ये स्वीडनच्या टोडमन इंटरॲक्टिव्हने 'आयजीआय ओरिजिन्स' जाहीर केला, पण तो हाती आला नाही. मग मी मूळ खेळच थोडी खटपट करून त्या मुलाच्या लॅपटॉपवर बसवून दिला. ठोकळ्यांसारखे चेहरे आणि सपाट गवत बघून तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. यार्डात तीन-चारदा मेल्यावर वळून म्हणाला, "काका, ग्राफिक्स चालून जातील हो. मला बघितलं कोणी, तेवढं कळायला पाहिजे."

त्याचं उत्तर त्या खेळातच पडून आहे. डेव्हिड जोन्सच्या हातात उपग्रहाचा नकाशा असतो. तो उघडला तरी खेळ थांबत नाही, वरून तळ दिसत राहतो. अलार्मच्या पेटीपाशी जाऊन सायरन बंदही करता येतो. सायरन वाजला की तो कुठून वाजवला गेला ती जागा त्या नकाशावर लुकलुकू द्यावी. मोहिमेत एखादा सेव्ह द्यावा, फार तर दोन. बाकी दुर्बीण, डोंगर, लांबच लांब पायपीट आणि बराकीतून येणाऱ्या बुटांचा आवाज, यांना कोणी हात लावू नये.