ड्रम दहाचा की अकराचा?

अमेरिकेत 1988 ते 1998 या काळात आलेल्या शेव्हरोलेच्या सी-1500 आणि के-1500 पिकअपना मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि घोळ तिथेच होतो. मॉडेल एक, वर्ष एक, तरी एका गाडीचा ड्रम 10 इंची (254 मिमी), तर दुसरीचा 11.15 इंची (283 मिमी). दुकानदाराला नुसतं वर्ष सांगून भागत नाही.

आधी ग्लोव्ह बॉक्स उघडा. आतल्या चिकटपट्टीवर कोडची रांग असते. त्यात जेबी5 असेल तर ड्रम दहाचा, जेबी6 असेल तर 11.15 चा. पण जुन्या गाडीचा मागचा अॅक्सल भंगारातून आणून बदललेला असू शकतो. म्हणून माझा भरवसा मोजमापावरच.

हँडब्रेक सैल करून ड्रम काढा. काठावरचा गंज तारेच्या ब्रशने घासला की ओतीव आकडे दिसू लागतात. इथे बरेच जण फसतात: तो आकडा मूळ मापाचा नसतो, झिजण्याच्या कमाल मर्यादेचा असतो, म्हणून थोडा मोठा येतो. आतला व्यास स्वतः मोजा. झिजलेल्या ड्रमला काठाशी कंगोरा राहतो, तो सोडून. मग शूची रुंदी घ्या: दहाच्या ड्रमला सव्वादोन इंच, मोठ्याला पावणेतीन.

आतली काळी भुकटी मात्र हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानेच पुसा.