जुन्या पिकअप गाडीचे वळणदर्शक दिवे : बिघाड व त्याची परीक्षा

कारंजा येथील कापसाचा बाजार सन १८८६ मध्यें सरकारी नियमनाखालीं आला, त्या काळीं माल बैलगाड्यांनीं येत असे. रात्रीं गाडीखालीं टांगलेला कंदील हीच मागून येणाऱ्यास खूण. आज आपल्या वाशिम जिल्ह्यांतील सोयाबीन व तूर पुष्कळ अंशीं पिकअप गाड्यांतून बाजारास जाते, आणि कंदिलाचें काम वळणदर्शक दिव्यांकडे, म्हणजे इंडिकेटरकडे आलें आहे. माल विकून अंधार पडल्यावर परततांना डांबरी रस्ता सोडून उजवीकडे पांदणीस वळावयाचें, आणि नेमकी त्याच क्षणीं मागील मोटारसायकल पुढें जाऊं पाहते. अशा वेळीं दिवा न लागल्यास जिवावर बेततें. म्हणून या दिव्यांच्या बिघाडाचा विचार येथें थोडक्यांत करूं.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. बॅटरीची वीज फ्यूजमधून फ्लॅशरकडे, तेथून स्टीअरिंगजवळील दांडीच्या स्विचकडे व पुढें निवडलेल्या बाजूच्या बल्बांकडे जाते. परततांना ती बहुधा गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून येते; या परतीच्या वाटेस कारागीर 'अर्थ' म्हणतात. नवा भाग विकत घेण्यापूर्वीं पुढील क्रमानें परीक्षा करावी.

(१) दोन्ही बाजूंचे दिवे मुळींच लागत नसल्यास आधीं फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास धोक्याची सूचना देणारे चारही दिवे एकदम लावून पाहावे. ते नीट लागले तर बल्ब चांगले आहेत असें समजावें. दोष दांडीच्या स्विचमध्यें किंवा त्याच्या जोडांत असण्याचा संभव अधिक.

(२) एकच बाजू बंद असल्यास फ्लॅशर बदलण्याची घाई करूं नये. दुसरी बाजू ठीक चालते, यावरूनच फ्लॅशर व फ्यूज निर्दोष आहेत असें बहुधा ठरतें. बंद बाजूचे बल्ब व होल्डर तपासावे.

(३) दिवा लुकलुकण्याचा वेग मोजावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें तो मिनिटास ६० ते १२० वेळां असावा. म्हणजे घड्याळाच्या १५ सेकंदांत १५ ते ३० वेळां. एक बल्ब गेला असतां इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर सामान्यतः दुप्पट वेगानें चालतो. जुना, पत्री तापून चालणारा फ्लॅशर मात्र मंदावतो किंवा दिवा स्थिर जळत राहतो. अशा गाड्यांत बहुधा १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब असतो. त्याजागीं कमी वॅटचा किंवा एलईडी बल्ब बसविल्यास तो चांगला असूनही वेग बिघडूं शकतो.

(४) दिवा मंद जळत असेल, किंवा इंडिकेटर देतांच त्याच्या शेजारचा लाल दिवाही लुकलुकत असेल, तर अर्थ बिघडला असें समजावें. आमच्या माहितींतील एका गाडीचा फ्लॅशर दोनदां बदलण्यांत आला, तरी दोष गेला नाहीं. अखेर मागील दिव्याचा अर्थाचा स्क्रू गंजलेला आढळला. तो काचकागदानें घासून आवळतांच दिवे पूर्ववत् झाले. पावसाळ्यांतील चिखल आणि पोत्यांतून सांडलेलें रासायनिक खत यांमुळें मागील जोड लवकर गंजतात. परीक्षेसाठीं होल्डरच्या अर्थाच्या टोंकापासून सांगाड्याच्या स्वच्छ लोखंडापर्यंत एक तार धरावी. दिवा उजळला कीं दोष सांपडला.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याजागीं जाड तार किंवा मोठा फ्यूज घालणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. फ्यूज जळतो तो बहुधा कोठें तरी तार सोलून लोखंडास लागल्यामुळें. ती जागा शोधणें हाच खरा उपाय. कपाशी किंवा कुटार भरलेल्या गाडींत तार पेटल्यास काय होईल, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको.

दोष सांपडेपर्यंत रात्रीं गाडी काढूं नये. हंगामाच्या तोंडीं एक सकाळ या तपासणीस द्यावी. बैलांच्या खुरांची आपण जितकी काळजी घेत आलों, तितकी या दिव्यांची घेणें आतां अवश्य झालें आहे.